मीठ पाहून द्या

इंदूबाई मला आधी ऐकू येतात, मग दिसतात. जर्मनच्या मोठ्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, काठावर लांब दांड्याचा पळा त्या दोनदा आपटत. पहिला ठोका बोथट, पळ्याला चिकटलेल्या खिचडीने दाबलेला, आणि दुसरा मोकळा, देवळातल्या लहान घंटेसारखा. आणि त्या दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत मोठ्या दवाखान्याचं सगळं आवार श्वास धरून बसे. वैशाखातलं नागपूरचं ऊन, ज्याच्या धाकाने माणूस, कुत्रं आणि कावळा एका सावलीला येतात, ते कडुनिंबाच्या पानांतून गाळून खाली उतरे, आणि त्या गाळलेल्या उन्हात, आपापल्या चादरीवर बेटासारखे बसलेले रोग्यांचे नातेवाईक, कोणी बालाघाटचे, कोणी गोंदियाचे, कोणी रामटेककडचे धानवाले, एकाच वेळी माना वर करत. मी जन्मभर मागावर बसलेला विणकर माणूस. फणीच्या ठोक्यावरून ताणा सैल पडला की घट्ट आहे ते मला डोळे मिटून कळे. तसा त्या दुसऱ्या ठोक्यावरून बाईंचा त्या दिवसाचा जीव कसा आहे ते कळू लागलं होतं. आता तो गंज नाही, पळा नाही, बाई नाहीत. ठोका मात्र अजून येतो, आणि मी घरात भिंतीशी बसलेला असलो तरी मान वर करतो.

त्या एका सेवाभावी संस्थेच्या बाई होत्या. संस्थेची चूल महाल वस्तीतल्या एका बोळात पेटे, तिथून दुपारी लहान टेम्पोत गंज चढत, आणि ज्यांचं माणूस वर खाटेवर आहे त्यांना खाली आवारात पोटभर खिचडी मिळे. बिनपगारी राबणाऱ्या अशा माणसांना संस्था स्वयंसेवक म्हणे. बाईंच्या जिभेवर तो शब्द कधी बसला नाही. "सोयंसेवक काय गा, वाढपी म्हणा न सरळ," असं म्हणून त्या पदर खोचत. राहायला जरीपटक्याकडे, अंगावर निळ्या किनारीचं पांढरं लुगडं, आणि कोणी समोर आलं की "जयभीम भाऊ." मी म्हणे, "रामराम बाई." दोघांचे नमस्कार हवेत एकमेकांना ओलांडून जात, जसा आडवा धागा उभ्या धाग्याला ओलांडतो, आणि त्या ओलांडण्यातूनच कापड होतं.

त्यांचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, खोटं कशाला सांगू. हात आठवतो. मीठ टाकताना त्या गंजावर उजवा हात धरत, मीठ खाली पडून गेलंसं वाटे, आणि तरीही अंगठा बोटांवर फिरतच राही, सावकाश, मऊ, जणू हवेत कोणी न दिसणारं लुगडं धरलं आहे आणि बाई त्याचा पोत पाहून राहिल्या आहेत. आम्ही विणकर कापड असंच पाहतो. डोळ्याने नाही, अंगठ्याने. म्हणून तो हात मला पहिल्या दिवसापासून आपल्या घरातला वाटला, बाई परक्या वाटत होत्या तेव्हाही.

माझी बायको अनसूया वर कॅन्सरच्या वॉर्डात होती. मी खाली निंबाखाली बसून घरून आणलेले फुटाणे खाई. पंगत बसली की मी पाठ फिरवी आणि रस्त्यावरच्या गाड्या पाहत राही. आमच्या बापाने आम्हाला एकच गोष्ट हाडात घालून दिली होती: मागाच्या खड्ड्यात पाय असेतोवर दुसऱ्याच्या पत्रावळीकडे पाहायचं नाही. माग कधीच मोडून जळणात गेला होता, खड्डा बुजवून त्यावर फरशी बसली होती, पण पाय माझे अजून त्या खड्ड्यातच होते. खिचडीचा वास येई, फोडणीतल्या लसणाचा, आणि पोटात जाळ होई, आणि त्या जाळाचाही मला एक मान वाटे. असे पुष्कळ दिवस गेले. मग एक दिवस बाई पळा हातात तसाच धरून माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काहून गा भाऊ, आमच्या हातचं चालत नाही का तुमाले?"

आवाज हलका होता, पण त्याच्या तळाशी जे होतं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं, आणि ते मला एकदम छातीत लागलं.

"हाताचं काही नाही वं बाई," मी म्हणालो. "फुकटाचं चालत नाही."

बाई मग हसल्या. वरचा एक दात नव्हता, त्या फटीतून हसू निघालं.

"अस्सं! मंग काम करा न बाप्पा. मले उपास हाये आज, चाखता येत नाही. मीठ पाहून द्या."

आणि वाटीभर खिचडी माझ्या हातात आली. वाटीभर! मीठ पाहायला बोटभर पुरतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी मोठ्या गंभीरपणे पहिला घास घेतला, जिभेवर घोळवला, दुसरा घेतला, आणि वाटी पुसून होईस्तोवर माझा निकाल काही झाला नाही.

"जरा कमी हाये," मी म्हणालो.

"पाहा, म्हणून म्हटलं," बाई म्हणाल्या, आणि तो हात गंजावर गेला, अंगठा बोटांवर फिरू लागला.

त्या दिवसापासून रोज त्यांना उपास. सोमवारी उपास, मंगळवारी उपास, पौर्णिमेचा उपास, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचाही उपास. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. टेम्पो आला की मी उठून हात धुई, धोतर झटकी, आणि आवारातला एक कामाचा माणूस होऊन गंजापाशी जाई. मीठ ही काही लहान वस्तू नाही. आमच्याकडे सूत रंगवताना रंगाच्या उकळत्या भांड्यात मूठभर मीठ टाकत, म्हणजे रंग धाग्याला धरतो. मीठ विसरलं तर लाल लुगडं पहिल्या धुण्यात नदीला जातं. दिसत कुठेच नाही आणि धरून सगळं ठेवतं, असा त्याचा स्वभाव. आणि आपल्या बोलीत इमान सांगायला माणसाने सोन्याचं नाव घेतलं नाही, दुधाचं घेतलं नाही, मिठाचं घेतलं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी ते खात होतो, आणि मला वाटत होतं मी ते तपासत होतो.

हिवाळ्यात आवार वेगळं होई. दुपारीही ऊन हळदीच्या पाण्यासारखं पातळ, माणसं सावली सोडून उन्हाच्या तुकड्यामागे सरकत राहत, आणि गंजाचं झाकण उघडलं की वाफेचा असा लोट उठे की बाई त्यात कमरेपासून वर दिसेनाशा होत. नुसते शब्द बाहेर येत. "ए बुढी, पोरीले पुढं कर." "लाजू नको गा, पोट काय सासऱ्याचं हाये?" माणूस रडत असलं तर त्या त्याला काही समजावत नसत. त्याच्या ताटात आणखी एक पळा टाकत आणि पुढे जात. दुःखावर बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. दुःखाच्या शेजारी तूर डाळ वाढून गप्प राहणारी हीच एक.

अनसूया गेली ती अशाच थंडीत. सकाळी गेली, कागद व्हायचे होते, पोरं गाडी पाहायला गेली होती, आणि मी तिचं गाठोडं काखेत धरून निंबाखाली उभा होतो, कोणी पुसलं असतं तर माझं नाव मला सांगता आलं नसतं. टेम्पो आला. झाकण उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काखेतल्या गाठोड्याकडे पाहिलं, त्यातून लोंबणाऱ्या अनसूयेच्या हिरव्या पदराकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्या जवळ आल्या. मला वाटलं आता खांद्यावर हात ठेवतील, आणि तो मी झटकीन. त्यांनी वाटी पुढे केली.

"मीठ पाहून द्या, भाऊ."

मी घास घेतला. तोंडात खिचडीही होती आणि डोळ्यांतून जे उतरत होतं तेही होतं.

"खारट झालं," मी म्हणालो.

बाईंनी पाण्याची बादली उचलली आणि अर्धीअधिक गंजात रिकामी केली. त्या दिवशी सगळं आवार अळणी जेवलं.

तेरवी झाल्यावर मी पुन्हा तिथे गेलो. वर आता माझं कोणी नव्हतं, तरी गेलो. पोरं म्हणाली, बाबा, काहून जाता? मी म्हणालो, मीठ कोण पाहील? गंज उतरवायला हात लावू लागलो, राखेने भांडी घासू लागलो, म्हाताऱ्याला जमेल तेवढं. संस्थेच्या लोकांनी ओळखपत्र गळ्यात घालायला दिलं. ते मी खुंटीला लावून ठेवलं. असे उन्हाळे-हिवाळे एकमेकांवर चढत गेले. मग एकदा मी भांडी घासून परत येत होतो, तर निंबाच्या पलीकडच्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून, बाई एका जटाधारी मानी बैराग्यापुढे उभ्या. हात जोडून तो नको म्हणत होता. आणि बाई म्हणत होत्या, "मले उपास हाये आज, महाराज. मीठ पाहून द्या."

माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली!

"दोन-दोन जिभा कशाले पाह्यजेत वं बाई?" बैरागी जेवून गेल्यावर मी म्हणालो. "माह्या जिभेवर भरोसा नाही का आता?"

"तुमची जीभ तंबाखूनं मेली हाये, भाऊ," त्या गंज पुसत म्हणाल्या. "इतक्या वर्सांत एक दिवस तरी मीठ बरोबर हाये म्हणाले का? रोज कमी हाये, रोज कमी हाये. तुमचं ऐकलं असतं तं आवारातले सारे बीपीनं वर गेले असते."

"मंग टाकत होत्या ते काय?"

त्यांनी तो उजवा हात माझ्या नाकापुढे धरला आणि अंगठा बोटांवर फिरवला. बोटांत काही नव्हतं. कधीच काही नव्हतं. मी बोलल्यावर त्या गंजात नुसती हवा टाकत होत्या, रोज, माझ्यासाठी. आम्ही दोघंही पुष्कळ वेळ हसलो. हसून झाल्यावर मला कळलं की या बाईला मी एकदाही काही म्हणालेलो नाही. आमच्याकडे म्हणत नाहीत. घरच्या माणसाचे आभार मानले तर ते माणूस रागावतं, म्हणतं, परकं केलं का गा मले? मग काय करावं? मी ठरवलं की जे ती मला विचारत आली ते मी तिला एकदा विचारीन. घरी माझ्या हाताने खिचडी रांधीन, वाटी पुढे करीन, आणि म्हणीन. तेवढं झालं की मी मिठाला जागलो. मग करू, पुढच्या महिन्यात करू, थंडी पडली की करू. म्हाताऱ्या माणसाने पुढच्या महिन्यावर काही ठेवू नये हे जगाला सांगणारा मी.

त्याच शिशिरात त्यांना लकवा मारून गेला. डावी बाजू गेली, वाचा गेली. मी जरीपटक्याला पाहायला गेलो तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या, त्यांची सून संगीता म्हणाली, आताच डोळा लागला, बाबाजी. मी उठवलं नाही. इकडे महालातली चूलही विझली. आता संस्थेची खिचडी एका मोठ्या यंत्राच्या स्वयंपाकघरातून येते, पाकिटात, तोंड शिवलेल्या पाकिटात. पोरं वाटतात, चांगली पोरं आहेत, उन्हातान्हात येतात. पण पाकिटाच्या काठावर ठोका वाजत नाही. आणि मीठ पाहायला मागावं तर पाकीट फोडावं लागतं, आणि फोडलेलं पाकीट मग दुसऱ्याला देता येत नाही. मी निंबाखाली जाऊन बसू लागलो, रिकाम्या हाताने.

आणि मग संस्थेने सभागृहात कार्यक्रम ठेवला. फलकावरचा शब्द मला दोनदा वाचावा लागला: कृतज्ञता. जुन्या स्वयंसेवकांना शाल-श्रीफळ देणार होते, आणि इंदूबाईंना चाकाच्या खुर्चीवरून आणणार होते. मी पहाटे उठलो. तांदूळ-डाळ निवडली, लसूण ठेचला, मीठ बेतानेच टाकलं, मुद्दाम जरा कमी, म्हणजे त्यांना काही सांगायला उरेल. डबा दुपट्ट्यात बांधला, आणि मिठाची एक पुडी खिशात ठेवली.

बाई मंचावर होत्या. मान एका खांद्याकडे कललेली, पांढरं लुगडं कोणीतरी नेसवलेलं, निळी किनार उलटी. अध्यक्षसाहेबांनी त्यांच्या अंगावर शाल घातली. माणूस मनापासून बोलत होता. ऋण फिटणार नाही म्हणाले. बाई छताच्या पंख्याकडे पाहत होत्या. मग मला म्हणाले, काका, दोन शब्द बोला. मी चौथीपर्यंत शिकलेला, दोन शब्दांसाठी काही फार शाळा लागत नाही, पण मी माईक घेतला नाही. डबा सोडला आणि खुर्चीपुढे गुडघ्यावर बसलो.

"त्या ओळखत नाहीत बाबाजी कोणाले," संगीता मागून हळूच म्हणाली. "माह्याही हातचं थुंकून टाकतात कधीकधी."

"पाहू दे वं पोरी एकदा."

मी चमचा पुढे धरला. सभागृहातली माणसं गप्प झाली, तशीच, दोन ठोक्यांच्या मधल्यासारखी.

"मीठ पाहून द्या न वं बाई."

तोंड किंचित उघडलं. घास आत गेला. मी वाट पाहिली. जबडा हलला नाही, घसा हलला नाही, डोळे पंख्यावरून खाली आले नाहीत. आणि मग शालीखालून तो उजवा हात वर आला. अंगठा बोटांवर फिरू लागला, सावकाश, मऊ, जसा गंजावर फिरे.

"कमी हाये म्हणून राह्यल्या!" मी ओरडलो. "कमी हाये!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी रडलं. पुडी सुटता सुटेना, दाताने फाडली; मी चिमूटभर मीठ डब्यात टाकलं, ढवळलं, दुसरा चमचा पुढे केला. ओठ मिटलेले होते. मी पुन्हा म्हणालो, पुन्हा म्हणालो. हात तेवढा फिरत होता.

बाहेर ओसरीत संगीताने खुर्ची थांबवली, ओल्या फडक्याने बाईंचं तोंड पुसलं. माझा पहिला घास तसाच्या तसा फडक्यावर आला, दाणा न् दाणा वेगळा.

"वाईट नका मानू बाबाजी," ती पोरगी म्हणाली. "तो हात तसाच चालते दिवसभर. भिंतीकडे पाहून चालते, झोपेतही चालते. डॉक्टर म्हणतात, नस हाये."

मी म्हणालो, बरं. शालीचं टोक खाली लोळत होतं ते उचलून वर ठेवलं. सवयीने अंगठा त्यावर फिरला. पोत काही नव्हता, कारखान्याचा धागा.

बाई आश्विनात गेल्या. त्या दिवसांत हे शहर पांढऱ्या लुगड्यांनी भरून जातं, धम्मदीक्षेच्या सोहळ्याला दूरदूरच्या गावांहून माणसं येतात, रस्ते पांढरे होतात. मी त्या गर्दीच्या काठाला उभा राहिलो आणि पाठमोरी प्रत्येक बाई मला तीच वाटली. एकीचा पदर खोचलेला, एकीची चाल जड, एकीच्या कमरेवर पोर. सगळ्या वळल्या, आणि एकही ती नव्हती.

घरी मी आता एकट्यापुरतं रांधतो. घास जिभेवर ठेवतो आणि मला खरंच कळत नाही, कमी की जास्त. बाई म्हणाल्या होत्या तेच खरं, जीभ मेली आहे. कदाचित ती नेहमीच मेलेली होती आणि फक्त त्यांच्या विचारण्याने जिवंत वाटे. लोक म्हणतात, मीठ विरलं तरी पाण्यात राहतं, माणूस गेलं तरी आठवणीत राहतं. राहत असेल. पण आठवणीला चव नसते, आणि जिला मी जागायचं होतं ती झोपून गेली. काळही वाढपीच आहे, पंगतीतल्या कोणाला तो वगळत नाही, सगळ्यांच्या ताटात आपला पळा रिकामा करत पुढे जातो. फक्त एखाद्यापुढे थांबून तो कधी विचारत नाही, भाऊ, मीठ कसं झालं.